कानबान बोर्ड: नुसती कार्डं लावू नका, लिमिट लावा

टीममध्ये ६ जण, कामांची कार्डं लावलेल्या बोर्डवर "चालू" या कॉलममध्ये २३ कार्डं, रोजच्या स्टँडअपला (उभ्याउभ्या होणाऱ्या छोट्या मीटिंगला) प्रत्येक जण सांगतो "चालू आहे, उद्यापर्यंत होईल", आणि तीन आठवडे उलटले तरी प्रॉडक्शनवर (लोक खरंच वापरतात त्या सिस्टीमवर) नवीन काहीच गेलेलं नाही. हे चित्र मी इतक्या टीम्समध्ये बघितलंय की आता कुणी "आम्ही कानबान वापरतो" म्हटलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, तुमच्या कॉलमच्या डोक्यावर, त्यात जास्तीत जास्त किती कार्डं चालतील तो आकडा आहे का? बहुतेक वेळा नसतो. मग तो बोर्ड म्हणजे कामांची यादी झाली, फक्त उभी न लिहिता आडवी लिहिलेली. कानबानची सुरुवात त्या दिवशी होते ज्या दिवशी कुणीतरी हातातलं काम संपवून पुढचं कार्ड ओढायला जातं आणि बोर्डकडे बघून थांबतं, कारण जागा नाहीये.

तर बोर्ड कसा बनवायचा, लिमिट किती ठेवायची, रोज त्याच्यासमोर उभं राहून नक्की काय करायचं, हे सगळं मला जसं कळलंय तसं सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ, कारण हा शब्द कुठून आला ते माहीत असलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कानबान हा जपानी शब्द, अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ही पद्धत बसवली आणि त्यांना कल्पना सुचली होती ती अमेरिकन सुपरमार्केटवरून. तिथे गिऱ्हाईक फळीवरून वस्तू उचलतं, फळी रिकामी दिसते आणि जेवढं उचललं गेलं तेवढंच मागून भरलं जातं. कारखान्यात हेच काम कार्ड करायचं, पुढच्या टप्प्याने सुटे भाग वापरले की कार्ड मागच्या टप्प्याकडे परत जायचं, म्हणजे "आता एवढे बनव". कार्ड आलं नाही तर बनवायचं नाही. लक्षात घ्या, कार्ड ही परवानगी होती. आणि कार्डांची संख्या ठरलेली असल्यामुळे मधे साठून राहणारा माल आपोआप आटोक्यात राहायचा.

आपल्याकडे सॉफ्टवेअरमध्ये अडचण अशी की मधे साठलेला माल डोळ्यांना दिसतच नाही. कारखान्यात अर्धवट भागांचा ढीग पडला तर येता-जाता पायात येतो, पण अर्धवट कोड कुठल्यातरी ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या प्रतीत) गपचूप पडून असतो, रिव्ह्यूची वाट बघणारा पीआर (कोड तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) कुणाच्या तरी नोटिफिकेशनमध्ये गाडला गेलेला असतो, टेस्टिंगला द्यायची बिल्ड (कोडपासून बनवलेली, चालवता येणारी आवृत्ती) "देतो संध्याकाळी" मध्ये अडकलेली असते. बोर्ड लावायचा तो हा ढीग दिसावा म्हणून.

पहिलं पाऊल: आज काम जसं चालतं तसंच मांडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. लोक टूल उघडतात, त्यातलं रेडीमेड टेम्प्लेट घेतात, "करायचंय, चालू, झालं" असे तीन कॉलम येतात आणि तेच वापरायला लागतात. त्या मधल्या एका "चालू" मध्ये डेव्हलपमेंट पण, रिव्ह्यू पण, टेस्टिंग पण, क्लायंटच्या उत्तराची वाट बघणं पण. मग काम नक्की कुठे अडकलंय ते कसं कळणार?

मी काय करतो, टीमला बसवतो आणि नुकतीच संपलेली १० कामं काढायला सांगतो. एकेक काम घ्यायचं आणि विचारायचं, हे कुणी मागितलं, मग काय झालं, मग कुणाकडे गेलं, तिथे किती दिवस पडून होतं, परत आलं का. कुणाचीही चूक काढायची नाही, फक्त रस्ता आखायचा. सातव्या-आठव्या कामापर्यंत तेच तेच टप्पे यायला लागतात आणि तेच तुमचे कॉलम. साधारण टीमचं असं काहीतरी निघतं: तयार, डेव्हलपमेंट, रिव्ह्यू, टेस्टिंग, रिलीजसाठी तयार, झालं. तुमच्याकडे डिझाइनचा टप्पा वेगळा असेल तर तो घाला, सिक्युरिटीची मंजुरी लागत असेल तर ती घाला. पण "असं असायला हवं" म्हणून एकही कॉलम घालू नका. तुमच्याकडे आज रिव्ह्यू होतच नसेल तर रिव्ह्यूचा कॉलम आज नको, आधी जे आहे ते खरं दिसू दे.

माणसांच्या नावाने कॉलम करू नका. मला माहितीये मोह होतो, कारण मॅनेजरला कुणाकडे किती काम आहे ते बघायचं असतं, पण मग काम कुठल्या टप्प्यात आहे ते दिसेनासं होतं आणि बोर्ड हजेरीपत्रक बनतो. नाव कार्डवर असू दे, कॉलमवर नको.

आता एक गोष्ट जिच्यामुळे बोर्ड खरंच बोलायला लागतो: डेव्हलपमेंट, रिव्ह्यू आणि टेस्टिंग या कॉलमचे आत दोन भाग करा, "चालू" आणि "झालं". डेव्हलपरने कोड लिहून संपवला की कार्ड रिव्ह्यूमध्ये ढकलायचं नाही, डेव्हलपमेंटच्या "झालं" मध्ये ठेवायचं. ज्याला रिव्ह्यू करायचाय तो तिथून ओढून घेईल. वरवर हा फरक किरकोळ वाटतो पण आता तुम्हाला दिसतं की किती कार्डांवर कुणीतरी खरंच काम करतंय आणि किती नुसती वाट बघत बसलीयत. पहिल्यांदा असे भाग पाडले की जवळपास प्रत्येक टीमला धक्का बसतो, कारण कामाच्या वेळेपेक्षा वाट बघण्याची वेळ जास्त निघते. अझूर बोर्ड्स या टूलमध्ये कॉलम असा दोन भागांत तोडायची सोय आहेच, बाकी टूल्समध्ये "रिव्ह्यूची वाट" असा वेगळा कॉलम केला तरी तेच काम होतं.

आणि "झालं" म्हणजे काय ते एकदाच ठरवा. माझ्या मते वापरणाऱ्याच्या हातात पोचलं की झालं. मर्ज झालं (मुख्य कोडमध्ये मिसळलं) म्हणजे झालं नाही, स्टेजिंगवर (रिलीजआधी तपासायच्या सिस्टीमवर) चाललं म्हणजे पण झालं नाही.

कार्डवर काय लिहायचं

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. शीर्षक असं की त्या कामाशी संबंध नसलेल्या माणसालाही कळेल, "एपीआय फिक्स" नाही तर "ऑर्डर रद्द केल्यावर रिफंडचा मेल दोनदा जातो". खाली दोन ओळी, हे का हवंय आणि काय झालं की पूर्ण समजायचं. सुरू केल्याची तारीख, आणि आत्ता हे कुणाच्या हातात आहे ते.

साइजबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. सगळी कार्डं सारख्या मापाची असायलाच हवीत असं काही नाही, पण एखादं कार्ड आठवड्याहून जास्त चालेल असं वाटत असेल तर फोडा. फोडताना "फ्रंटएंड", "बॅकएंड", "डेटाबेस" असे तुकडे करू नका, कारण त्यातला कुठलाच एक तुकडा एकटा रिलीज करून कुणाचा फायदा होत नाही, तिघंही एकमेकांची वाट बघत बसतात. "लॉगिन" हे काम मोठं वाटलं तर "पासवर्डने लॉगिन", "ओटीपीने लॉगिन", "पासवर्ड विसरल्यावर रीसेट" असे तुकडे करा. प्रत्येक तुकडा वरपासून खालपर्यंत पूर्ण, आणि पहिला तुकडा लोकांच्या हातात देता येतो बाकीचे दोन व्हायच्या आधी.

लिमिट

आता खरा मुद्दा. प्रत्येक कॉलममध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती कार्डं असू शकतात तो आकडा कॉलमच्या डोक्यावर लिहायचा. कॉलम भरला असेल तर त्यात नवीन कार्ड येणार नाही. बस, नियम एवढाच, आणि हा पाळणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

आकडा किती ठेवायचा? याचं सूत्र शोधत बसू नका. समजा ४ डेव्हलपर आणि १ टेस्टर आहे. डेव्हलपमेंट ५ (यात "चालू" आणि "झालं" दोन्ही भाग मिळून ५, हे महत्त्वाचं), रिव्ह्यू ३, टेस्टिंग ३, अशी सुरुवात चालेल. आणि आत्ता डेव्हलपमेंटमध्येच १४ कार्डं पडलेली असतील तर एका रात्रीत ५ वर आणायला जाऊ नका, लोक पहिल्याच दिवशी वैतागतील. आधी १२ लिहा, दर दोन आठवड्यांनी थोडा थोडा खाली आणा. "झालं" वाला भाग लिमिटमध्ये का धरायचा? कारण नाही धरला तर डेव्हलपर कोड संपवून "झालं" मध्ये टाकत राहणार, पुढे रिव्ह्यू तुंबलाय की नाही याच्याशी त्याचा संबंधच राहणार नाही. दोन्ही मिळून मोजलं की पुढची तुंबलेली मोरी मागच्यालाही जाणवते.

आता समजा तुमचं कोडिंग संपलं, कार्ड "झालं" मध्ये ठेवलं, पण रिव्ह्यू भरलेला आहे म्हणून ते तिथून हलत नाहीये, आणि डेव्हलपमेंटमध्ये ५ झालेत म्हणून नवीन ओढता येत नाहीये. काय करायचं? उजवीकडे जायचं. रिव्ह्यूमध्ये जी ३ कार्डं आहेत त्यातलं एक हातात घ्या आणि आत्ताच्या आत्ता रिव्ह्यू करून टाका. रिव्ह्यू रिकामा आहे पण टेस्टिंग भरलंय? टेस्टरजवळ जाऊन बसा, टेस्ट डेटा बनवून द्या, एखादी केस ऑटोमेट करून द्या, तिला जो बग समजत नाहीये त्याचा लॉग बघून द्या. कार्ड अडकलंय कारण दुसऱ्या टीमने एक्सेस दिलेला नाही? त्यांच्या मागे लागा. आणि अगदीच काही करण्यासारखं नसेल तर मग बिल्ड फास्ट करा, नेहमी फेल होणाऱ्या टेस्ट दुरुस्त करा, जे अर्धवट सोडून कधीही उठता येईल असं काही करा. पण नवीन कार्ड ओढू नका.

एका टीमबरोबर आम्ही हे सुरू केलं तेव्हा रिव्ह्यूची वाट बघणारी ११ कार्डं होती आणि सगळ्यांचं ठाम मत होतं की टेस्टिंग स्लो आहे. लिमिट लावल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन डेव्हलपर्सना ओढायला काही उरलं नाही, नाइलाजाने रिव्ह्यूला बसले, आणि तेव्हा कळलं की ११ पैकी ७ कार्डं एकाच सीनियर माणसाची वाट बघत होती कारण "त्याच्याशिवाय अप्रूव्ह करायचं नाही" असा एक न लिहिलेला नियम होता. कुणी केला, कधी केला, कुणालाच आठवत नव्हतं. तो नियम फक्त पेमेंटच्या कोडपुरता ठेवला आणि बाकी ठिकाणी कुठल्याही दुसऱ्या डेव्हलपरचा अप्रूव्हल पुरेसा धरला. टेस्टिंगचा काही दोष नव्हता. लिमिट लावली नसती तर ती ११ ची १५ झाली असती आणि आम्ही आणखी एक टेस्टर मागत बसलो असतो.

मॅनेजरचा नेहमीचा आक्षेप येतो, "म्हणजे माणूस रिकामा बसवायचा?" या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं, टाळू नका. माणूस बिझी असणं आणि काम पुढे सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता गाड्यांनी शंभर टक्के भरला की रस्त्याचा पुरेपूर वापर होतोय असं कुणी म्हणत नाही, त्याला ट्रॅफिक जॅम म्हणतात. टीमचंही तसंच, प्रत्येक जण काठोकाठ भरलेला असला की एखादं काम जरा लांबलं तरी मागची सगळी रांग लांबते.

आणि यामागे गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे, लिटल्स लॉ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कामांची सरासरी संख्या भागिले काम संपण्याचा वेग. बोर्डवर १८ कामं चालू आहेत आणि आठवड्याला ६ संपतात, तर एक काम सुरू केल्यापासून संपेपर्यंत सरासरी ३ आठवडे. वेग तोच ठेवून चालू कामं ९ वर आणली तर दीड आठवडा. कुणी जास्त तास बसलं नाही, कुणी भरभर टाइप केलं नाही. (हे सरासरीचं गणित आहे आणि येणारी-जाणारी कामं साधारण जुळत असतील तेव्हा लागू पडतं, कामं नुसती येतच राहिली आणि जुनी कार्डं कोपऱ्यात पडून राहिली तर नाही.) हा हिशोब तुमच्या स्वतःच्या बोर्डवरचे आकडे घेऊन मॅनेजरसमोर मांडा, भाषणापेक्षा हा जास्त पटतो.

टूलबद्दल एक सावधानता. जिरा या टूलमध्ये कॉलमला मॅक्सिमम आकडा देता येतो पण तो ओलांडला तर कॉलम फक्त लाल दिसतो, कार्ड अडवत नाही. ट्रेलोमध्ये तर साध्या लिस्टच्या नावातच आकडा लिहून टाका, "रिव्ह्यू – ३", तेवढं पुरतं. बहुतेक टूल्स तुमच्या वतीने नाही म्हणणार नाहीत, ते टीमलाच म्हणावं लागतं. आणि कधी लिमिट मोडायची वेळ आलीच तर मोडा, पण चौघांसमोर बोलून, का मोडतोय ते कार्डवर लिहून.

नियम लिहून ठेवा

वरच्या त्या न लिहिलेल्या नियमावरून हे सुचलं असेलच. प्रत्येक कॉलममधून कार्ड बाहेर पडायला काय पूर्ण व्हायला हवं ते दोन-तीन ओळींत कॉलमच्या वरच लिहा. डेव्हलपमेंटमधून बाहेर: युनिट टेस्ट लिहिलेत, स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलंय, पीआरमध्ये काय बदललं ते लिहिलंय. रिव्ह्यूमधून बाहेर: एक अप्रूव्हल, बिल्ड हिरवी, मर्ज झालेलं. पानभर चेकलिस्ट करू नका, कुणी वाचणार नाही.

टेस्टिंगमध्ये बग सापडला तर कार्ड मागे डेव्हलपमेंटमध्ये न्यायचं का, यावर टीम्समध्ये कायम वाद होतो. माझं मत, नेऊ नका. कार्ड टेस्टिंगमध्येच राहू दे, त्यावर लाल खूण करा आणि ज्याने कोड लिहिला त्याने हातातलं जरा बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करावं. मागे नेलं की तिकडची लिमिट बिघडते, टेस्टरला जागा मोकळी झाल्यासारखी वाटते आणि ती नवीन कार्ड ओढते, आणि जे काम संपायच्या सगळ्यात जवळ होतं तेच रांगेच्या शेवटी जाऊन बसतं. कल्पनाच चुकली असेल, सगळं नव्याने लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग ते कार्ड बोर्डवरूनच काढा आणि पुन्हा "तयार" पासून आणा.

अर्जंट कामांचं काय

प्रॉडक्शन बंद पडलं तर कॉलम भरलाय म्हणून थांबून राहणार का, नाही. त्यासाठी बोर्डच्या सगळ्यात वर एक आडवी लेन आखा, अर्जंटची. त्या लेनमध्ये एका वेळी एकच कार्ड. त्या कार्डाला बाकी लिमिट लागू नाहीत, ते आलं की लागतील तेवढे लोक हातातलं सोडून त्याच्यावर. पण एकच. दुसरं अर्जंट आलं तर मागणाऱ्याने ठरवायचं, पहिलं खाली आणायचं की दुसऱ्याने थांबायचं. हे "एकच" इतकं उपयोगी पडतं की सांगून पटणार नाही, कारण जोपर्यंत अर्जंट म्हणायला काही मोजावं लागत नाही तोपर्यंत सगळंच अर्जंट असतं.

बाकी कामांत पण फरक करायला शिका. काही कामांना पक्की तारीख असते, सर्टिफिकेट एक्सपायर होणारे, नवीन कायदेशीर नियम अमुक तारखेपासून लागू होणारे. अशा कार्डावर तारीख ठळक लिहा आणि तुमचा नेहमीचा वेळ बघून उलटं मोजा, खूप आधी पण सुरू करू नका आणि शेवटच्या आठवड्यात पण नाही. आणि एक प्रकार कायम मार खातो: लायब्ररी अपग्रेड, जुना कोड साफ करणं, मॉनिटरिंग बसवणं, ज्याची आज कुणालाच घाई नसते आणि सहा महिन्यांनी तेच अर्जंट लेनमध्ये येऊन उभं राहतं. यासाठी डेव्हलपमेंटच्या ५ पैकी १ जागा राखून ठेवा. राखीव म्हणजे राखीव, फीचरला द्यायची नाही.

रोजचा स्टँडअप: उजवीकडून डावीकडे

"काल काय केलं, आज काय करणार" असं प्रत्येक माणसाला विचारणं बंद करा आणि बोर्ड वाचा, उजव्या टोकापासून. रिलीजच्या सगळ्यात जवळ असलेलं कार्ड आधी, ते आज बाहेर जायला काय लागेल? मग त्याच्या डावीकडचं. मग त्याच्या डावीकडचं. असं केल्याने बोलणं आपोआप "मी किती बिझी आहे" वरून "हे काम कशाला अडलंय" वर येतं. जे कार्ड नीट सरकतंय त्यावर बोलायची पण गरज नाही, पुढे जा.

तीन गोष्टींवर नजर ठेवायची. एक, कॉलम लिमिटला टेकलेला आहे का. दोन, कुठलं कार्ड एकाच जागी फार दिवस बसलंय. जिरामध्ये कार्ड त्या कॉलममध्ये किती दिवस आहे ते छोट्या ठिपक्यांनी दाखवता येतं, ते चालू करा. भिंतीवरचा बोर्ड असेल तर रोज सकाळी न हललेल्या कार्डावर पेनने एक टिंब द्या, चौथं टिंब पडलं की सगळ्यांचं लक्ष जातंच. तीन, ब्लॉक झालेलं कार्ड. त्यावर लाल खूण, सोबत कारण आणि तारीख. ब्लॉक झालेलं कार्ड बाजूच्या "होल्ड" कॉलममध्ये टाकायची सवय लावू नका, ते स्मशान होतं. कार्ड आहे तिथेच राहू दे, जागा अडवू दे, टोचू दे, टोचलं तरच कुणीतरी सोडवेल.

महिन्याच्या शेवटी ब्लॉकची सगळी कारणं एका जागी लिहून काढा आणि मोजा. "स्टेजिंग बंद होतं" ६ वेळा, "रिक्वायरमेंट क्लिअर नव्हती" ४ वेळा, असं काहीतरी निघतं. सगळ्यात वरचं एक कारण घ्यायचं आणि त्याचंच एक कार्ड करून बोर्डवर टाकायचं.

नवीन काम बोर्डवर कसं येतं

"तयार" या कॉलमलाही लिमिट लावा, समजा ६. बॅकलॉगमध्ये (पुढे कधीतरी करायच्या कामांच्या यादीत) २०० गोष्टी असतील, असू देत, त्या बोर्डवर नकोत. "तयार" मध्ये ३ उरले की प्रॉडक्ट ओनरला (कुठलं काम आधी करायचं ते ठरवणाऱ्याला) बोलवा आणि विचारा, ३ जागा आहेत, कुठली ३ कामं? २०० गोष्टींना प्रायॉरिटी देत बसण्यापेक्षा हा प्रश्न खूप सोपा आहे आणि याचं उत्तर ताजं असतं. "तयार" मधून कार्ड डेव्हलपमेंटमध्ये गेलं की ते टीमने अंगावर घेतलं, त्याच्या आधी क्रम कितीही वेळा बदला, काहीच बिघडत नाही.

कधी होईल, हा प्रश्न

एस्टिमेटवरून एक गोष्ट सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये या विचाराची सुरुवात म्हणून डेव्हिड अँडरसन यांनी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका मेंटेनन्स टीमबरोबर केलेल्या कामाचं नाव घेतलं जातं. त्या टीमकडे येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टचं एस्टिमेट द्यावं लागायचं आणि टीमचा मोठा वेळ त्यातच जायचा, वर ज्यांची एस्टिमेट दिली त्यातली बरीच कामं कधी केलीच जायची नाहीत. त्यांनी एस्टिमेट बंद केली, चालू कामांवर मर्यादा घातली, रांग छोटी ठेवली, आणि एका कामाला लागणारा महिन्यांचा वेळ आठवड्यांवर आला.

तुम्हीही हे करू शकता पण त्याआधी हातात आकडे हवेत. प्रत्येक कार्ड सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख, एवढंच साठवा. ३०-४० कार्डं झाली की दिवसांप्रमाणे लावून बघा. सरासरी सांगू नका, सरासरी सांगितली की बऱ्याच वेळा उशीरच होणार. त्याऐवजी बघा की १०० पैकी ८५ कामं किती दिवसांत संपली, समजा ९ दिवस, तर उत्तर हे: "आम्ही काम हातात घेतल्यावर बहुतेक ९ दिवसांत मिळेल, अशी १०० पैकी ८५ वेळा खात्री आहे." क्लायंटला हे असं सांगता येतं आणि खरं पण असतं.

जिरामध्ये क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम मिळतो, रंगीत पट्ट्यांचा. वाचायला सोपा आहे, प्रत्येक पट्टा म्हणजे एक कॉलम, एखादा पट्टा दिवसेंदिवस जाड होत चालला असेल तर तिथे काम साठतंय. पट्टे साधारण सारख्या जाडीने वर चढत असतील तर सगळं ठीक.

हे आकडे कुणा एका माणसाचे म्हणून कधीही वापरू नका. "तुझी कार्डं जास्त दिवस लागतात" असं एकदा जरी मीटिंगमध्ये बोललं गेलं तर दुसऱ्या दिवसापासून तारखा खोट्या पडायला लागतील आणि बोर्डवरचा विश्वास संपेल, तो परत मिळवायला महिने जातात.

स्क्रम (ठरावीक आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करायची पद्धत) करत असाल तर ते सोडायची गरज नाही. स्प्रिंट राहू दे, प्लॅनिंग राहू दे, फक्त स्प्रिंटच्या आतल्या बोर्डला लिमिट लावा. स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळी कार्डं एकदम टेस्टिंगला येऊन पडतात ना, ते आधी कमी होईल. सपोर्ट किंवा मेंटेनन्सची टीम असेल, जिथे उद्या काय येईल सांगता येत नाही, तिथे स्प्रिंटशिवाय नुसतं कानबान जास्त चांगलं बसतं.

बोर्ड शिळा होऊ देऊ नका. काम हललं की कार्ड लगेच हलवायचं, स्टँडअपच्या पाच मिनिटं आधी नाही. पीआर उघडला की कार्ड आपोआप सरकेल आणि मर्ज झाला की पुढे जाईल असं ऑटोमेशन बऱ्याच टूल्समध्ये लावता येतं, ते लावा. फक्त एक लक्षात ठेवा, ऑटोमेशन सहसा लिमिट बघत नाही, ते भरलेल्या कॉलममध्येही कार्ड सरकवेल, त्यामुळे लाल झालेला कॉलम दिसला की माणसानेच थांबायचं.

सुरुवातीचे दोन आठवडे लिमिटला हात लावू नका, कितीही गैरसोय वाटली तरी. मग एकत्र बसा. लिमिटला कुणीच कधी टेकलं नसेल तर आकडा फार मोठा आहे, १ ने कमी करा. रोजच टेकत असाल आणि उजवीकडे जाऊन मदत करण्यासारखं खरंच काही नसेल तर १ ने वाढवा. एका वेळी एकाच कॉलमचा आकडा बदला, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांत जो फरक पडला तो कशामुळे पडला ते कळेल.